४२ हजारांचा व्हॅक्यूम क्लीनर घ्यावा का?

धरणगावच्या एका शिक्षिका ताईंचा प्रश्न असा आहे: घरी येऊन प्रात्यक्षिक दाखवणाऱ्या विक्रेत्याने पाण्याच्या टाकीचा (ओढलेली धूळ पाण्यात अडवणारा) व्हॅक्यूम क्लीनर ४२ हजार रुपयांना सांगितला आहे आणि येत्या शनिवारी तो पुन्हा येणार आहे. घर दोन मजली आहे, खाली शहाबादी फरशी, वर टाइल्स, गालिचा एकही नाही. कापसाच्या चार गाद्या, एक कापडी सोफा आणि नऊ वर्षांच्या मुलाला दमा. सहा वर्षांपूर्वी घेतलेले साधे यंत्र माळ्यावर पडून आहे. प्रात्यक्षिकात गादीतून निघालेली धूळ पाहून सासूबाईंनी यंत्र घ्यायचेच असे ठरवून टाकले आहे. एवढी रक्कम घालणे योग्य ठरेल का?

ताई, मी गेली २४ वर्षे जळगावात घरगुती विजेच्या उपकरणांची दुरुस्ती करतो. नवे यंत्र दिवाणखान्यात कसे दिसते यापेक्षा चार पावसाळे काढल्यावर ते आतून कसे दिसते हे मी जास्त पाहिले आहे, आणि माझे मत त्यातूनच बनले आहे, हे आधी सांगून ठेवतो. तुम्ही घराचे जे वर्णन केले आहे त्यावरून माझे उत्तर असे आहे की हे यंत्र घेऊ नये. बंद पिशवीचे आणि हवा बाहेर पडते त्या बाजूला चांगला फिल्टर असलेले यंत्र ८ ते १२ हजारांत मिळते व ते तुमच्या घराला पुरेसे आहे; वाचलेल्या पैशांतले थोडे गाद्यांवर खर्च केले तर मुलाला त्याचा फायदा अधिक होईल. महाग यंत्र म्हणजे फसवणूकच, असे मात्र मी म्हणत नाही. काही गिऱ्हाइकांना मी स्वतःच महाग यंत्र घ्यायला सांगितले आहे. ती घरे कोणती, हे पुढे येईल.

आधी त्या प्रात्यक्षिकाकडे पाहू, कारण निर्णय बहुधा तिथेच होऊन जातो. विक्रेत्याने पाइपच्या तोंडाशी पांढरे फडके लावून तो गादीवर फिरवला असेल आणि फडक्यावर करडे वर्तुळ उमटले असेल. ही क्लृप्ती यंत्राइतकीच जुनी आहे. ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याने लंडनमध्ये धूळ फुंकून उडवणारे एक यंत्र पाहिले होते. फुंकण्याऐवजी ती ओढून घेतली तर काय होईल हे पाहण्यासाठी त्याने उपाहारगृहातल्या खुर्चीच्या गादीवर हातरुमाल पसरला, त्याला तोंड लावून हवा आत ओढली, आणि रुमालावर धुळीचा डाग उमटला. १९०१ मध्ये त्याने आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. जी धूळ बूथला नुसत्या तोंडाने काढता आली ती काढायला ४२ हजारांचे यंत्र लागते, हे त्या फडक्याने सिद्ध होत नाही. त्यातून कापसाच्या गादीतली धूळ कधी संपतच नाही. आतला कापूस वापराने दबतो, तुटतो आणि त्याचा भुगा होतच राहतो. एकाच जागी चार वेळा फडके फिरवले तरी चौथ्या वेळीही डाग येईल, आणि तुमचे माळ्यावरचे यंत्रही तसाच डाग देईल. ते शेजारी ठेवून तुलना करायला मात्र कोणी सांगत नाही.

दुसरा प्रकार वजन उचलून दाखवण्याचा असतो. घरगुती यंत्र पाइपचे तोंड पूर्ण बंद असताना साधारण २० किलोपास्कलपर्यंत ओढ निर्माण करते, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या पाचव्या हिश्शाइतकी. दर चौरस सेंटिमीटरला ती सुमारे २०० ग्रॅम पडते. ३२ मिलिमीटर व्यासाच्या उघड्या पाइपला यातून दीड किलोच्या आसपास वजन धरता येते, पण त्याच पाइपला १५ सेंटिमीटर व्यासाची रबरी वाटी लावली की हिशेब ३५ किलोंच्या पुढे जातो. करामत वाटीच्या आकाराची असते, आणि सहा हजारांचे यंत्रही ती करून दाखवते. शिवाय तोंड बंद असताना आतून हवा वाहतच नाही, आणि हवा वाहिल्याशिवाय धूळ हलत नाही. प्रत्यक्ष सफाई हवेच्या प्रवाहावर अवलंबून असते, आणि पिशवी अर्धी भरल्यावरही तो प्रवाह किती टिकतो यावरच चांगले आणि सुमार यंत्र वेगळे ओळखू येते.

चालू यंत्राच्या पाइपवर एकदा तळहात दाबून धरा. आवाज चढतो, शिटीसारखा बारीक होतो. पुष्कळांना वाटते की मोटरवर ताण आला, पण घडते उलटेच: हलवायला हवा उरली नाही म्हणून मोटर हलकी होऊन अधिक वेगाने फिरू लागते. पिशवी किंवा फिल्टर चोंदल्यावर हाच आवाज घरात ऐकू येतो आणि लोक म्हणतात, "आज मशीन जोरात चाललंय." साध्या यंत्रांत मोटर थंड ठेवणारी हवाही तीच असल्यामुळे या जोरात चालण्यातच ती तापते. माझ्याकडे जळून आलेल्या मोटरींपैकी बऱ्याच अशा चोंदलेल्या फिल्टरच्या बळी असतात, आणि त्यांत स्वस्त-महाग असा भेद मला फारसा दिसलेला नाही.

वॅटचा आकडाही बाजूला ठेवा. तो यंत्र किती वीज खाते ते सांगतो, किती सफाई करते ते सांगत नाही. युरोपीय संघाने सप्टेंबर २०१४ पासून १६०० वॅटची आणि सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॅटची कमाल मर्यादा घातली, त्याबरोबर कठीण फरशीवरची किमान सफाई, बाहेर परत उडणाऱ्या धुळीचे कमाल प्रमाण आणि आवाजाची ८० डेसिबलची मर्यादाही ठरवून दिली. ९०० वॅटच्या आतली यंत्रे या कसोट्यांना उतरली. त्याच युरोपातले ऊर्जा-लेबल मात्र नोव्हेंबर २०१८ मध्ये न्यायालयात रद्द झाले, कारण चाचणी रिकाम्या पिशवीवर होत होती आणि घरात कोणी रिकामी पिशवी वापरत नाही. डायसन कंपनीने लढवलेल्या या खटल्यातला मुद्दा आपल्या दिवाणखान्यातल्या प्रात्यक्षिकालाही तंतोतंत लागू पडतो: विक्रेत्याचे यंत्र नेहमी धुतलेले, पुसलेले आणि रिकामे असते.

आता आपल्या धुळीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण यंत्रांबरोबर येणारी माहितीपुस्तके गालिचावरचे केस आणि बिस्किटाचा चुरा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. खानदेशातल्या घरात तीन प्रकारचा ऐवज येतो. पहिली काळ्या मातीची धूळ. या मातीत चिकणमातीचे प्रमाण मोठे असते आणि चिकणमातीचा कण म्हणजे दोन मायक्रॉनपेक्षाही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास वावटळी सुटल्या की खिडक्या लावलेल्या असतानाही टीव्हीवर बोट फिरवले तर रेघ उठते, ती हीच धूळ. दुसरा कापसाचा तंतू: कपाशीची वेचणी आणि जिनिंग चालू असते त्या महिन्यांत तो घरात उडत येतो, फिरत्या ब्रशच्या दांड्याला सुतासारखा गुंडाळला जातो आणि फिल्टरच्या पुढच्या जाळीवर नमद्यासारखा थर धरतो. तिसरा घटक म्हणजे कूलरची ओल. उन्हाळाभर कूलर चालणाऱ्या खोलीत वापरलेले आणि पिशवी न काढता ठेवून दिलेले यंत्र मी उघडले की आत धूळ नसते, चिखलाची वाळलेली खपली असते. एकदा तर फिल्टरच्या घड्या ब्लेडच्या टोकाने एकेक करून सोडवाव्या लागल्या होत्या.

काळ्या मातीची ही धूळ साध्या कापडी पिशवीतून आरपार जाते. यंत्र फरशीवरची धूळ उचलते आणि मागच्या बाजूने त्यातला सर्वांत बारीक भाग खोलीत परत सोडते. फरशी स्वच्छ दिसते, पण तो भाग तासन् तास हवेत तरंगत राहतो, आणि दम्याच्या मुलाला नेमका तोच बाधतो. म्हणून तुमच्या घरात पैसे मोजायचे असतील तर ते फिल्टरसाठी आणि यंत्राच्या हवाबंदपणासाठी मोजावेत. हेपा फिल्टरची अमेरिकी व्याख्या ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवणारा अशी आहे. युरोपीय वर्गवारीत एच-१३ दर्जाला ९९.९५ टक्के लागतात. खोक्यावर "हेपा टाइप" किंवा "हेपासारखा" असे लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ काहीही होऊ शकतो. दर्जाचा आकडा विचारावा. फिल्टर उत्तम असूनही झाकणाचे रबर सैल असेल तर हवा सोप्या वाटेने, म्हणजे फटीतूनच जाते, आणि मग फिल्टर नुसता शोभेचा उरतो.

हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. सकाळी पूर्वेच्या खोलीत खिडकी किंचित किलकिली ठेवून एक कवडसा आत येऊ द्यावा, पंखा बंद करावा, हवा स्थिरावू द्यावी आणि यंत्राची मागची बाजू कवडशाकडे करून ते चालू करावे. दुसऱ्या कोणाला लांबच्या कोपऱ्यातून थोडी माती ओढायला सांगावी. मागून धुरकट लोट कवडशात तरंगताना दिसला तर यंत्र कितीही किमतीचे असो, ते दम्याच्या रुग्णाच्या घरात येऊ नये. अगदी बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे लोट दिसला नाही म्हणून फिल्टर सर्वोत्तम असे ठरत नाही. पण लोट दिसला तर पुढे तपासायला काही उरत नाही.

पाण्याच्या टाकीच्या यंत्राबद्दल विक्रेता "ओली धूळ उडत नाही" असे म्हणतो आणि ते ऐकायला पटते. हवा मात्र पाण्यातून बुडबुड्यांच्या रूपाने जाते, आणि बुडबुड्याच्या मध्यभागी असलेल्या बारीक कणाचा पाण्याशी स्पर्शच न होता तो पलीकडे निघून जाऊ शकतो. म्हणूनच या प्रकारातल्या चांगल्या यंत्रांना पाण्याच्या पुढे वेगळा हेपा फिल्टर जोडावा लागतो. शेवटी राखण तो फिल्टरच करतो, आणि तो तुम्हाला निम्म्याहून कमी किमतीच्या यंत्रातही मिळतो. दर वेळी दोन-तीन लिटर पाणी भरायचे, काम झाल्यावर लगेच ओतायचे, टाकी धुऊन वाळवायची. रात्रभर तशीच राहिली तर काळी माती तळाला लेपासारखी बसते आणि पावसाळ्यात वास धरते. उन्हाळ्यात ज्या गावांत नळाला आठवड्याने पाणी येते तिथे हे यंत्र विकणाऱ्याच्या धाडसाचे मला कौतुक वाटते.

मुलाच्या दम्याबाबत औषधोपचार डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच चालू राहावेत; मी फक्त धुळीपुरते बोलतो. गादीत डोळ्यांना न दिसणारे धूळकिडे असतात आणि त्यांची विष्ठा दम्याला बाधते. या किड्यांना दमट हवा लागते आणि ते तंतूंना घट्ट धरून असतात, त्यामुळे जिवंत किडे ओढून काढणे कोणत्याच यंत्राला नीट जमत नाही. वरवरची विष्ठा आणि कातडीचा भुगा तेवढा निघतो. त्यापेक्षा चादरी, अभ्रे आणि गोधड्या दर आठवड्याला ५५ ते ६० अंशांच्या पाण्यात धुणे, गादी-उशीला चेन असलेले घट्ट विणीचे आवरण घालणे आणि मुलाची जुनी गादी पिंजून किंवा बदलून घेणे, हे उपाय अधिक पक्के आहेत. गाद्यांना ऊन आपल्याकडे फुकट आणि भरपूर आहे. गोधडीसारख्या पातळ पांघरुणाला त्याचा चांगला उपयोग होतो. जाड गादीचा मात्र फक्त वरचा थर तापतो, म्हणून ती उलटसुलट करावी, आणि वावटळीच्या दुपारी गच्चीवर टाकू नये. यंत्र चालवताना मूल दुसऱ्या खोलीत असावे आणि नंतर निदान वीस मिनिटे त्याने त्या खोलीत येऊ नये. उत्तम फिल्टर असला तरी ब्रशने विस्कटलेली धूळ थोडी उडतेच.

आता टिकाऊपणाकडे वळतो. "मोटरची दहा वर्षांची गॅरंटी" हे वाक्य ऐकून लोक विरघळतात. युरोपच्या ज्या नियमांचा वर उल्लेख आला त्यांत मोटर निदान ५०० तास चालली पाहिजे, अशी अट आहे. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटे वापर धरला तर वर्षाला साधारण ३५ तास होतात, म्हणजे ५०० तासांना चौदा वर्षे लागतील. मोटर, फिल्टर साफ असेल तर, सहसा टिकते. मधल्या काळात कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारा, घासून झिजणारा तुकडा) बदलला की झाले, आणि ते काम काही शे रुपयांत होते. आधी जाते ते प्लॅस्टिक: होज, म्हणजे लवचीक नळी, हँडलजवळ वळतो तिथे चिरतो, पाइपची खिटी तुटते, वायर गुंडाळणारी स्प्रिंग सुटते, पिशवीच्या कप्प्याचे कुलूप निसटते. याच नियमांत होजने ४० हजार वेळा हेलकावे सोसले पाहिजेत अशीही अट होती, यावरून दुखणे कुठे असते ते कळावे. म्हणून यंत्र घेण्यापूर्वी मोटरबद्दल न विचारता होजची किंमत विचारावी, आणि तो जळगावात मिळतो की पुण्याहून मागवावा लागतो, तेही विचारावे. एका गिऱ्हाइकाचे ५० हजारांच्या वरचे यंत्र माझ्याकडे सात महिने पडून होते, कारण विकणाऱ्या कंपनीने ते मॉडेल बंद केले होते आणि होज कुठेच मिळत नव्हता. शेवटी कृषी पंपाच्या दुकानातला सक्शन पाइप कापून बसवला; चालतो, पण वाकत नाही.

किमतीचा हिशेब वर्षांवर न करता वापरांवर करावा. ४२ हजारांचे यंत्र आठवड्यातून दोनदा, आठ वर्षे चालवले तर सुमारे ८३० वापर होतात आणि दर वापराला ५० रुपये पडतात. तेच यंत्र फक्त आखाजी आणि दिवाळीला खाली उतरले तर आठ वर्षांत सोळा वापर, म्हणजे एका सफाईला २,६२५ रुपये. विजेचा खर्च यात नगण्य आहे: १४०० वॅटचे यंत्र वीस मिनिटे चालले तर अर्धा युनिटही पडत नाही. अमळनेरच्या एका आजींकडे मी असेच एक झगझगीत यंत्र बघायला गेलो होतो. त्यात बिघाड काहीच नव्हता. मी कौतुक केले तेव्हा त्या म्हणाल्या, "यंत्र भारी शे, पन वापरस कोन?" तुमचे पहिले यंत्र माळ्यावर का गेले, याचे उत्तर घरातल्या सगळ्यांनी मिळून शोधावे. जड होते, आवाज असह्य होता, की शहाबादी फरशीवर केरसुणी आणि ओले फडके अधिक लवकर काम उरकते असे लक्षात आले? शेवटचे कारण असेल तर ते योग्यच आहे. कठीण, उघड्या फरशीला व्हॅक्यूम क्लीनर अनिवार्य नाही. तो सोफा, गाद्या, खिडकीच्या जाळ्या, पुस्तकांची कपाटे आणि पलंगाखालच्या जागा यांसाठी घ्यावा. महाग यंत्रांबरोबर येणारा फिरता ब्रश मुख्यतः जाड गालिचासाठी असतो, आणि गालिचा तुमच्याकडे नाही.

महाग यंत्र कुणी घ्यावे, हे सांगायचे राहिले. घरभर गालिचे असतील, केस गाळणारा कुत्रा किंवा मांजर असेल, दवाखाना किंवा कापडाचे दुकान असेल आणि यंत्र रोज तासभर चालणार असेल, तर किंमत वसूल होते. गुडघे किंवा कंबर दुखणाऱ्या एकट्या ज्येष्ठ व्यक्तीला वजनाने हलके बिनतारी यंत्र मी आवर्जून सुचवतो, कारण तिच्या बाबतीत हलकेपणालाच पैसे असतात. मात्र त्यातली लिथियम बॅटरी उष्णतेला भिते. ४५ अंशांच्या वर ती चार्ज करू नये असे सर्वसाधारण बंधन असते, आणि आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या खोलीत तेवढे तापमान सहज होते; चार्जिंग रात्री किंवा पहाटे करावे आणि तीन-चार वर्षांनी नव्या बॅटरीचा खर्च धरून ठेवावा. आपोआप फिरून झाडणाऱ्या रोबो यंत्राचे थोडक्यात सांगतो: सपाट टाइल्सवर चांगला, उंबऱ्याशी अडतो, गोधडीच्या दशा गिळतो.

तुमच्यासाठी मी सुचवतो ते असे. माळ्यावरचे यंत्र खाली काढा. हवा बाहेर पडते तिथे त्याला फिल्टर बसवण्याची सोय असेल तर होज, कार्बन, पिशवी आणि फिल्टर नवे करून ते आणखी काही वर्षे चालेल. दुरुस्ती हा माझाच धंदा असल्याने हा सल्ला तुम्ही जरा पारखून घ्यावा, पण खर्च नव्या यंत्राच्या जवळपासही जाणार नाही. तशी सोय नसेल तर मुलासाठी ते वापरू नका. बंद पिशवीचे, एच-१३ फिल्टरचे यंत्र दुकानातून घ्या. घराचे बांधकाम किंवा पीओपी निघाले तर सिमेंटचा भुगा मात्र कोणत्याही घरगुती यंत्राने ओढू नका. तो बेअरिंगमध्ये शिरतो आणि मग माझ्याकडेही इलाज नसतो.

शनिवारी विक्रेता आलाच तर आधी त्याचे ओळखपत्र पाहा. थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांनुसार ते जवळ बाळगणे आणि पूर्वसंमतीशिवाय घरी न येणे त्याच्यावर बंधनकारक आहे. "आजच घेतले तरच सवलत" असे तो म्हणाला तर किंमत आणि परतीच्या अटी लेखी मागा, आणि पुढे तंटा झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक ध्यानात ठेवा. होज, फिल्टर आणि पिशवी यांच्या आजच्या किमती त्याच्याच हाताने कागदावर लिहून घ्या. मग शहाबादी फरशीच्या सांध्यांत ५० ग्रॅम रांगोळी पसरा, अर्ध्या भागावर त्याचे यंत्र आणि अर्ध्या भागावर तुमचे जुने यंत्र तीन-तीन वेळा फिरवा, आणि सांध्यांत काय उरले ते सासूबाईंना चष्मा लावून पाहू द्या.